ओळख परेड कशी घ्यावी, आणि ती कुठे बिघडते

आरोपी अनोळखी असला की फिर्यादीच्या जबाबात शेवटी एक वाक्य हमखास येतं: "सदर इसमास पुन्हा पाहिल्यास मी ओळखेन." साक्षीदार हे स्वतःहून क्वचितच बोलतो. जबाब लिहिणाऱ्याच्या हातालाच त्याची सवय असते. त्याच्या वरच्या ओळीत वर्णन: वय अंदाजे 25 ते 30, बांधा मध्यम, रंग सावळा, उंची साडेपाच फूट. या वर्णनात निम्मा तालुका बसतो. पुढे कधीतरी याच दोन ओळींच्या आधारावर कोणाला तरी कारागृहाच्या आवारात रांगेत उभं केलं जातं, साक्षीदार त्याच्या खांद्याला हात लावतो, आणि खटल्याचा कणा तयार होतो. हीच ओळख परेड.

हे मार्गदर्शन तपासी अंमलदारांसाठी आहे, परेड घेण्याचं पत्र पहिल्यांदाच हातात पडलेल्या नायब तहसीलदारांसाठी आहे, आणि त्या परेडचे कागद नंतर वाचणाऱ्या वकिलांसाठीही आहे. तिघांनी एक गोष्ट धरून चालावी. साक्षीदाराची आठवण हे घटनास्थळच आहे. तिथून दहा माणसं चालून गेली की पायाचे ठसे उरत नाहीत, आणि नंतर कितीही दोऱ्या बांधल्या तरी उपयोग नसतो. फरक एवढाच की घटनास्थळ तुडवलं गेलं तर दिसतं. आठवण तुडवली गेली तर खुद्द साक्षीदारालाही कळत नाही. तो पूर्ण प्रामाणिकपणे, शपथेवर, चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो.

पहिला जबाब

घटनास्थळी पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे साक्षीदारांना एकमेकांपासून वेगळं करणं. चहाच्या टपरीवर चौघं एकत्र बसली की अर्ध्या तासात चौघांच्या चार आठवणींची एक होते. एकाने "दाढी होती" म्हटलं की बाकीच्यांनाही दाढी दिसायला लागते. नंतर चारही जबाबांत दाढी आली, तर चार पुरावे मिळाले असं समजू नका. तो एकच पुरावा आहे, चार वेळा लिहिलेला.

मग बोलू द्या. "काय झालं ते सुरुवातीपासून सांगा," एवढं म्हणून गप्प बसा. मध्ये तोडू नका. बोलणं थांबलं तरी दहा-पंधरा सेकंद थांबा. बऱ्याचदा कामाची गोष्ट त्या शांततेनंतरच येते. प्रश्न नंतर, आणि तेही उघडे. "त्याच्या हातात कोयता होता ना?" हा प्रश्न साक्षीदाराच्या डोक्यात कोयता ठेवून जातो. "हातांचं काय सांगता येईल?" हा ठेवत नाही.

शब्दाने आठवण किती हलते, हे अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 साली दाखवलं. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारताना तोच प्रश्न, पण गाड्यांचा चुराडा झाला तेव्हा, असा. चुराड्याचा शब्द ऐकलेल्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने सर्वांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी चुराडा ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी होय म्हटलं. साधा शब्द ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांनी. एका क्रियापदाचा हा परिणाम, तोही कोणीही कोणाला घाबरवलेलं नसताना.

वर्णन साक्षीदाराच्याच शब्दांत लिहा. तो "डोळं घारं व्हतं" म्हणाला तर तसंच. त्याचं "सदर इसमाचे नेत्र घाऱ्या वर्णाचे होते" करू नका. न्यायालयाला माणूस ऐकू आला पाहिजे, जबाब लिहिणारा रायटर नव्हे. उंची फुटांत विचारण्यापेक्षा तुलनेने विचारा: तुमच्यापेक्षा उंच की बुटका, या दाराच्या चौकटीला डोकं कुठे आलं असतं? केस, कपाळ, भुवया, कान, दात, आवाज, चालण्याची ढब, बोलीचा हेल यांबद्दल उघड्या प्रश्नांनी विचारा. जे आठवत नाही ते "आठवत नाही" असंच लिहा. जबाबातलं "आठवत नाही" पुढे तपासाला वाचवतं, कारण त्यामुळे बाकीचं जे आठवतं त्याला किंमत येते.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग: साक्षीदाराला दिसणं शक्य होतं का? यासाठी अंदाज नको, फीत हवी. साक्षीदार कुठे उभा होता, आरोपी कुठे होता, मध्ये काय होतं, हे स्थळ पंचनाम्यात मीटरमध्ये मोजून घाला. रात्रीचा गुन्हा असेल तर पंचनाम्याचा उजेडाचा भाग रात्री, त्याच वेळेला करा. दुपारी बारा वाजता "घटनास्थळाजवळ विद्युत खांब आहे" लिहिणं म्हणजे काहीच लिहिलं नाही. दिवा लागतो का, कोणत्या रंगाचा, किती मीटरवर, झाडाची फांदी आड येते का, चेहऱ्यावर उजेड पडतो की पाठीवर, हे लिहा.

नेदरलँड्समध्ये विलेम वाखेनार आणि सहकाऱ्याने 1996 साली प्रयोगांवरून एक ढोबळ नियम मांडला: अनोळखी चेहरा नंतर भरवशाने ओळखायचा असेल तर किमान 15 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड हवा आणि अंतर 15 मीटरपेक्षा जास्त नको. पौर्णिमेचं स्वच्छ चांदणं एक लक्सही भरत नाही. म्हणजे "चांदण्या रात्री वीस मीटरवरून पाहिलं" हे ओळखीच्या माणसाबाबत एक वेळ चालेल (भाऊ चालीवरूनही कळतो), अनोळखी माणसाबाबत नाही. मोबाईलवरची लक्स मोजणारी ॲप ढोबळ असतात, पण खांबाखाली आणि खांबापासून दहा मीटरवर काय फरक पडतो ते कळायला पुरतात.

शस्त्र होतं का, तेही इथेच विचारा. चेहऱ्यासमोर सुरा किंवा कट्टा आला की नजर त्यावर खिळते आणि चेहऱ्याला मिळायचा वेळ शस्त्राला जातो. असा साक्षीदार कोयत्याची मूठ अचूक सांगेल आणि चेहरा धूसर सांगेल. त्यात खोटेपणा काही नाही. किती वेळ पाहिलं या प्रश्नाचं उत्तर मात्र फारसं मनावर घेऊ नका. भीतीत गेलेले काही सेकंद माणसाला मिनिटांएवढे वाटतात. "किती वेळ?" ऐवजी "त्या वेळात काय काय झालं?" विचारा आणि ती कृती घड्याळ लावून करून पाहा.

फोटो, सीसीटीव्ही आणि गावचा ग्रुप

परेड बिघडण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण परेडच्या दिवशी घडत नाही. ते आधीच घडलेलं असतं, बहुतेक वेळा मोबाईलवर. संशयित सापडतो, हवालदार फोटो काढतो, "हाच का बघा" म्हणून फिर्यादीला पाठवतो. फिर्यादी "हो साहेब, हाच" म्हणते. त्यानंतर तिच्या डोक्यातला चेहरा घटनेतला की मोबाईलमधला, हे सांगायला कोणाकडेही साधन उरत नाही. परेडमध्ये ती माणूस ओळखेलच. फोटोतला.

चेहरा आठवतो, पण तो कुठे पाहिला हे निसटतं, याचं ऑस्ट्रेलियातलं उदाहरण सांगण्यासारखं आहे. डोनाल्ड थॉमसन हे स्मृतीचे अभ्यासक. 1970च्या दशकात एका बलात्कार पीडितेने त्यांनाच आरोपी म्हणून ओळखलं. घटनेच्या वेळी ते दूरचित्रवाणीच्या थेट कार्यक्रमात बसलेले होते. हल्ल्याआधी तिच्या घरात तोच कार्यक्रम चालू होता. चेहरा खरा होता, जागा चुकली होती. थॉमसन यांच्याकडे कॅमेऱ्याची साक्ष होती. गल्लीच्या कोपऱ्यावर रोज भाजी विकणाऱ्या पोराकडे ती नसते.

म्हणून क्रम पाळा. आधी जबाब आणि पूर्ण वर्णन, मग सीसीटीव्ही. फुटेज साक्षीदाराला दाखवायचंच असेल तर जबाबानंतर, का दाखवलं, किती वेळा दाखवलं, त्याने काय म्हटलं, हे पुरवणी जबाबात लिहून. ज्याने चेहरा प्रत्यक्ष पाहिला त्याला फुटेज दाखवायची गरज सहसा नसतेच. फुटेजवरून ओळखायचं काम आरोपीला आधीपासून ओळखणाऱ्या माणसाकडे द्या.

संशयित फरार असेल आणि फोटोशिवाय मार्ग नसेल, तर एकच फोटो कधीही दाखवू नका. वर्णनाशी जुळणारे किमान सहा-आठ फोटो घ्या, सर्व सारख्या आकाराचे, सारख्या पार्श्वभूमीचे. संशयिताचा फोटो रंगीत आणि बाकीचे आधारकार्डाच्या झेरॉक्सवरून काढलेले, असं झालं की निवड तुम्हीच करून दिलीत. दाखवलेला संच तसाच्या तसा जपून ठेवा, क्रमांकासह. आणि हे लक्षात ठेवा की फोटोवरून ओळखलेल्या साक्षीदाराची नंतर घेतलेली परेड जवळपास निकामी असते. चार साक्षीदार असतील तर फोटो एकालाच दाखवा, बाकीचे तीन परेडसाठी कोरे ठेवा.

वर्तमानपत्रात आरोपीचा फोटो येऊ देणं, पत्रकार परिषदेत त्याला उघड्या तोंडाने उभं करणं, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "चोर पकडला" म्हणून फोटो फिरणं: या सगळ्याचं बिल शेवटी सरकारी वकिलाच्या नावाने फाटतं. तपासी अंमलदाराने साक्षीदाराला जबाबाच्या दिवशीच सांगावं की या प्रकरणाचा कोणताही फोटो, व्हिडिओ पाहू नका; चुकून पाहिलात तर मला सांगा, रागावणार नाही. शेवटचे शब्द महत्त्वाचे. ते नसले तर कोणी सांगत नाही.

अटकेपासून परेडपर्यंत

अटक झाल्या क्षणापासून चेहरा झाकायचा. बुरखा, टॉवेल, जे असेल ते; आणि झाकल्याची नोंद स्टेशन डायरीत वेळेसह. पोलीस ठाणं ते न्यायालय, न्यायालय ते रुग्णालय, रुग्णालय ते कारागृह, अशा प्रत्येक हालचालीत चेहरा झाकलेला होता हे दाखवणारी साखळी लागते. एक दुवा तुटला की बचाव पक्षाला तोच पुरतो. रिमांडच्या वेळी न्यायाधीशांना आरोपीचा चेहरा झाकून हजर केल्याचं सांगा आणि परेड घ्यायची आहे हे रिमांड अर्जातच लिहा. साक्षीदाराला त्या काळात पोलीस ठाण्यात बोलावू नका. सही राहिली, मुद्देमाल दाखवायचा आहे, कारण काहीही असो; आरोपी कोठडीत असलेल्या ठाण्यात साक्षीदाराची चक्कर झाली की उलटतपासात पहिला प्रश्न तोच.

उशीर करू नका. कायद्यात दिवसांची ठराविक मर्यादा नाही, पण सोनी विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या 1982च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 42 दिवसांच्या उशिरामुळे परेडवर विश्वास ठेवायला नकार दिला. उशिराचं कारण दरवेळी "तहसीलदार उपलब्ध नव्हते" हे असतं. खरंही असतं. मग पत्र कधी पाठवलं, स्मरणपत्र कधी, उत्तर काय आलं, हे कागदावर हवं.

अटकेतल्या माणसाला परेडला उभं करण्यासाठी न्यायालयाचा आदेश मागता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 54अ, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 54. ओळखणारी व्यक्ती मानसिक किंवा शारीरिक दिव्यांग असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, तिला सोयीच्या पद्धतीने, आणि दृकश्राव्य मुद्रणासह ओळख घ्यावी लागते. आरोपी "मी परेडला उभा राहणार नाही" म्हणाला तर? स्वतःविरुद्ध साक्ष देण्यापासूनचं संरक्षण इथे लागू होत नाही. काठी कालू ओघड प्रकरणात 1961 साली अकरा न्यायमूर्तींनी शरीर दाखवणं म्हणजे साक्ष देणं नव्हे हे सांगितलं, आणि मुकेश सिंह प्रकरणात 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने परेडबाबत तेच म्हटलं. पण नकाराचं कारण त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. "मला ठाण्यात आधीच दाखवलंय" असं तो म्हणत असेल तर ते कारण दडवून ठेवण्यात तुमचा फायदा नाही. नंतर ते निघतंच.

परेडचा दिवस

पोलिसांनी परेड घ्यायची नाही. तपासादरम्यान पोलिसांसमोर केलेलं विधान पुराव्यात वापरता येत नाही (फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 162, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 181), आणि बोट दाखवणं हेही विधानच. रामकिशन मिठनलाल शर्मा विरुद्ध मुंबई राज्य या 1955च्या निकालापासून हे पक्कं आहे. महाराष्ट्रात नायब तहसीलदार किंवा विशेष कार्यकारी दंडाधिकारी परेड घेतात, सोबत दोन स्वतंत्र पंच. पोलिसांनी आवाराबाहेर थांबायचं. "लांब उभे होते" हे बाहेर नव्हे.

रांगेत किती? मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमधली सूचना अशी: एक आरोपी असेल तर किमान अर्धा डझन माणसं, दोन असतील तर दहा-बारा, आणि एका परेडमध्ये दोनपेक्षा जास्त आरोपी नकोत. व्यवहारात एका आरोपीमागे सहा डमी, म्हणजे रांगेत भरायची इतर माणसं, धरा. सातपैकी एकावर डोळे मिटून बोट ठेवलं तरी निर्दोष माणूस सापडण्याची शक्यता 14 टक्के उरते. सहापैकी चार डमी वर्णनाशी जुळतच नसतील तर खरी रांग तीनच माणसांची, आणि ती शक्यता 33 टक्क्यांवर जाते. आकडा सातच दिसतो, पण फसवा.

डमी निवडताना चेहऱ्याइतकंच बाकीच्याकडे लक्ष द्या. हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. कोठडीत आलेल्या माणसाचा पट्टा काढून घेतलेला असतो, म्हणून तो पँट एका हाताने धरून उभा राहतो. बुटांच्या नाड्या नसतात किंवा पायात चप्पलच नसते. तीन-चार दिवसांची दाढी, चुरगळलेला शर्ट, झोप न झालेले डोळे. शेजारी बाहेरून आणलेला डमी: दाढी केलेला, पट्टा कसलेला, मनगटावर घड्याळ, खिशात मोबाईलचा उंचवटा. साक्षीदाराला चेहरे पाहायचीही गरज नाही. त्याहून वाईट म्हणजे साध्या कपड्यातले शिपाई रांगेत भरणं. मानेवरचे बारीक कापलेले केस आणि सावधान-विश्रामची सवय लपत नाही. म्हणून सर्वांचे पट्टे, घड्याळं, चपला, मोबाईल, गंडे-दोरे, अंगठ्या काढून घ्या. आरोपीला दाढी करायची मुभा द्या, किंवा दाढी वाढलेलेच डमी शोधा. पण साक्षीदाराने आरोपीला दाढी होती असं सांगितलं असेल तर सर्वांना दाढी हवी. कारागृहातले न्यायबंदी (खटला चालू असलेले कैदी) डमी म्हणून घेणं सोपं पडतं आणि बऱ्याचदा जास्त योग्यही असतं.

गालावर व्रण, भुवईवर टाके, हातावर गोंदण असेल तर ती जागा चिकटपट्टीने झाका, आणि बाकी सर्वांच्याही त्याच जागी तशीच पट्टी लावा. एकट्या आरोपीच्या गालावर पट्टी म्हणजे बाणाची खूण.

रांग नीट लागली का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. घटनेशी संबंध नसलेल्या कोणालाही (कारागृहातला लिपिक चालेल) साक्षीदाराचं पहिलं वर्णन वाचून दाखवा आणि रांगेतला त्याच्याशी जुळणारा माणूस निवडायला सांगा. अशा तीन-चार जणांनी आरोपीलाच निवडलं तर रांग मोडा आणि नवे डमी आणा.

आरोपीला त्याची जागा स्वतः निवडू द्या. प्रत्येक साक्षीदारानंतर जागा आणि शर्ट बदलू द्या, आणि "रांगेबद्दल काही हरकत आहे का?" हे विचारून उत्तर लिहा. टोकाची जागा त्याने मागितली तर द्या.

साक्षीदार दुसऱ्या खोलीत, जिथून रांग दिसत नाही आणि येणारी-जाणारी माणसं दिसत नाहीत. फोन पंचांकडे जमा. एकावेळी एकच आत येईल, आणि ओळख झाल्यावर तो पुन्हा त्याच खोलीत जाणार नाही. दुसऱ्या दाराने बाहेर, किंवा तिसऱ्या खोलीत. एकच दार असेल तर साक्षीदारांना वेगवेगळ्या वेळी बोलवा. बालक साक्षीदार असेल तर समोरासमोर नको. पॉक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याच्या कलम 24 प्रमाणे बालक कोणत्याही टप्प्यावर आरोपीच्या संपर्कात येऊ नये. खिडकीची काच, पडदा, जे जमेल ते. फक्त साक्षीदाराला नीट दिसलं पाहिजे आणि रांगेला साक्षीदार दिसता कामा नये. घाबरलेल्या मोठ्या माणसालाही ही सोय द्यायला कोणी अडवलेलं नाही.

साक्षीदाराला काय सांगायचं

हे वाक्य कागदावर लिहून प्रत्येकाला जसंच्या तसं वाचून दाखवा:

"तुम्ही पाहिलेला माणूस या रांगेत असेल किंवा नसेलही. तुम्ही कोणालाच ओळखलं नाही तरी चालेल, तपास चालूच राहील. घाई नाही. ओळखलंत तर त्याला हात लावा आणि त्याने काय केलं ते सांगा."

पहिलं वाक्य गाळलं की काय होतं, ते 1981 साली अमेरिकेत रॉय मालपास आणि पॅट्रिशिया डिव्हाइन यांनी मोजलं. रांगेत गुन्हेगार नव्हताच. "यातला एक आहे" असा सूर ठेवून विचारलं तेव्हा 78 टक्के लोकांनी कोणाला तरी निवडलं. "नसेलही" हे सांगितल्यावर 33 टक्क्यांनी. माणूस बोलावणं आल्यावर, गाडीभाडं खर्चून, मजुरी बुडवून कारागृहापर्यंत आलेला असतो. समोर सात माणसं उभी आहेत म्हणजे पोलिसांनी योग्य माणूस धरला आहे, आपण फक्त शोधायचा आहे, असं तो धरूनच चालतो. मग आठवणीतल्या चेहऱ्याशी तुलना करण्याऐवजी तो सात जणांची आपसात तुलना करतो आणि त्यातला सर्वांत जवळचा उचलतो.

परेड घेणाऱ्याने साक्षीदाराच्या मागे उभं राहावं, पुढे नको. आरोपी कोण हे तुम्हाला माहीत असतं, आणि साक्षीदार चौथ्या माणसापाशी रेंगाळला की तुमची मान नकळत हलते, पेन उचललं जातं. साक्षीदार पुढे सरकला तर "नीट बघा", "परत एकदा बघा" हे शब्द तोंडातून येता कामा नयेत.

ओळखल्या क्षणी विचारा: "किती खात्री आहे?" उत्तर त्याच्या शब्दांत. "हाच आहे", "वाटतोय तसा", "हनुवटी तशी आहे" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि त्यानंतर काहीही बोलू नका. "शाब्बास", "बरोबर", समाधानाची मान, काही नाही. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी 1998 साली दाखवलं की चुकीच्या माणसाला निवडलेल्या साक्षीदाराला नुसतं "छान, तुम्ही संशयिताला ओळखलंत" म्हटलं की त्याची खात्री वाढते, आणि आपल्याला चेहरा नीट दिसला होता, आपण लक्षपूर्वक पाहिलं होतं, असंही तो सांगू लागतो. म्हणजे परेडमधलं "वाटतोय तसा" न्यायालयात "शंभर टक्के हाच" होऊन उभं राहतं. आपण बदललो हे त्याला ठाऊकही नसतं.

मेमोरँडम

मेमोरँडम म्हणजे परेडचा लेखी अहवाल. छापील नमुन्यात नावं भरून परेड उरकणं हा रोग जुना आहे. सात साक्षीदार, सातही जणांनी "कोणतीही शंका न घेता, तात्काळ" ओळखलं, प्रत्येकाला लागली पाच मिनिटं. असा कागद वाचून न्यायाधीशाचा विश्वास वाढत नाही.

कागदात हवं ते असं: प्रत्येक डमीचं नाव, वय, उंची, बांधा, त्या दिवशीचे कपडे, आरोपीची प्रत्येक फेरीतली जागा, साक्षीदार आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ, वाचून दाखवलेलं वाक्य, साक्षीदाराचे शब्द, कोणासमोर थांबला, कोणाला आधी हात लावून मागे घेतला, चुकीच्या माणसाला ओळखलं असेल तर त्याचं नाव, ओळखलंच नाही तर तसं. रांगेचा एक फोटो काढून पाकिटात सीलबंद ठेवावा असं आमचं मत आहे. डमी कसे होते यावरचा अर्धा वाद त्याने मिटतो. शेवटी पंचांच्या, परेड घेणाऱ्याच्या आणि आरोपीच्या सह्या. आरोपीने सही नाकारली तर तेही लिहा.

बचावाच्या वकिलाने हाच कागद उलटा वाचावा. पहिल्या जबाबातलं वर्णन आणि प्रत्यक्ष आरोपी शेजारी ठेवा. डमींची वयं बघा. 22 वर्षांच्या आरोपीशेजारी 45 वर्षांचे डमी सापडतात. पंचांची नावं त्याच ठाण्याच्या इतर प्रकरणांत येतात का ते शोधा. अटकेच्या तारखेपासून परेडपर्यंतच्या डायरीच्या नोंदी मागा. ओळखीत भूमिका सांगितली आहे का? नुसतं "हा होता" आणि "याने चाकू मारला" या वेगळ्या गोष्टी आहेत. साक्षीदाराला खोटारडा ठरवायच्या नादी मात्र लागू नका. प्रामाणिक माणूस चुकतो कसा, हे दाखवलं तर न्यायालय ऐकतं.

कोर्टातलं वजन

परेड हा स्वतंत्र पुरावा नव्हे. मूळ पुरावा म्हणजे न्यायालयात शपथेवर पटवलेली ओळख. परेड तिला आधार देते आणि तपास योग्य दिशेने चालला आहे का ते तपासाला सांगते. कनन विरुद्ध केरळ राज्य (1979) मध्ये अनोळखी आरोपीला परेडशिवाय पहिल्यांदा न्यायालयातच ओळखणं निरर्थक ठरवलं, तर मलखानसिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (2003) मध्ये परेड नसली म्हणून न्यायालयातली ओळख आपोआप बाद होत नाही असं सांगितलं. दोन्ही एकत्र वाचायची. गिरीशन नायर प्रकरणात (2022) साक्षीदारांना आरोपी आधीच दिसले होते, तिथे परेडचा आधारच गेला. आरोपी आधीपासून ओळखीचा असेल किंवा जागेवर पकडला असेल तर परेड घ्यायची गरज नाही. उगाच घेतली तर हसं होतं.

"ओळखलं नाही" आणि "दुसऱ्याच कोणाला ओळखलं" हे कागद दोषारोपपत्रासोबत गेलेच पाहिजेत. नाशिक जिल्ह्यात जून 2003 मध्ये एका कुटुंबातल्या पाच जणांची हत्या झाली. वाचलेल्या साक्षीदाराने काही दिवसांतच पोलिसांच्या अल्बममधून चार जणांचे फोटो ओळखले होते. त्या चौघांवर खटला झाला नाही. पुढे भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले, परेडमध्ये आणि न्यायालयात ओळखले गेले, आणि 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. फेरविचार होऊन 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं आणि राज्याला प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला सांगितलं. पहिल्या ओळखीचा तो कागद या सगळ्या वर्षांत प्रकरणातच होता.